साताऱ्यात फोर बाय फोर, रोजच्या वापरात आठ महिने: लिव्हर कमी, टायर जास्त

जून ते जानेवारी, अकरा हजार किलोमीटर. त्यातले निम्म्याहून जास्त सातारा-कराड हायवेवर. बाकी यवतेश्वर, ठोसेघर, मेढा आणि ऊसपट्ट्यातल्या पाणंदी. गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. खाली जे आहे ते थार, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, गुरखा अशा कुठल्याही पार्ट-टाइम फोर बाय फोरला (गरजेपुरतीच चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला) लागू पडतं, आणि नाव आलं की चर्चा नावावरच घसरते.

आधी यंत्रणा, कारण बहुतेक नुकसान ती न समजल्यामुळे होतं. टू-एच म्हणजे लिव्हरची रोजची जागा, त्यात फक्त मागची चाकं ओढतात. फोर-एच (चारही चाकं) टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना बांधून टाकतं; मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नसतं. वळणावर पुढच्या चाकांचा वळसा मागच्यांपेक्षा मोठा, म्हणून त्यांना जास्त फिरायचं असतं, पण बांधलेला शाफ्ट फिरू देत नाही. चिखलात चाक जरासं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही. ताण गिअरवर, क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) आणि ट्रान्सफर केसवर साठत जातो. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवलं की गाडी धरून ठेवल्यासारखी अडखळते, आणि मग लिव्हर टू-एचला परत येत नाही. तिथे जोर लावू नये. स्टिअरिंग सरळ करून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्यायची आणि लिव्हरवर हलका दाब ठेवायचा, सुटतो. नाहीच सुटला तर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मातीत उतरवून थोडं पुढे-मागे करायचं.

ग्रँड व्हिटारासारख्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना ही अडचण नाही, तिथे क्लच स्वतःच जोडतो-सोडतो. पण लो रेंजही (जास्त ताकदीचे, संथ गिअर) नाही, आणि चिखलात चाकं फार वेळ फिरवली की तो क्लच तापतो.

आता थंडी. गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठचा हिवाळा म्हणजे पहाटेचं धुकं, दवानं ओला रस्ता आणि मागे दिवा नसलेली दोन ट्रॉल्यांची उसाची गाडी. यात फोर-एचचा उपयोग शून्य. ‘थंडीत फोर बाय फोर लावूनच चालवतो, सेफ वाटतं’ असं सांगणारे भेटतात. ते वाटणंच धोक्याचं. चारही चाकं ओढायला लागली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात, आणि ही तर उंच गाडी, झटक्यात स्टिअरिंग मारलं की जास्तच झुकते.

गणित करून बघा. ताशी ६० ला, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते. पुढे थांबायला कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर, ओल्यावर ३५, चिखल सांडलेल्यावर ४५ च्या वर. म्हणजे ओल्या रस्त्यावर एकूण ५२. नदीच्या पुलाजवळ दाट धुक्यात ३० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही. ४० च्या वेगाला हाच हिशेब ११ अधिक १६, म्हणजे २७ मीटरवर येतो, जेमतेम बसतो. त्याच्या वर गेलात तर ट्रॉली दिसेल, पण थांबता येणार नाही.

धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि खालचे फॉगलॅम्प एवढंच ठेवायचं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायचे नाहीत, तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू, तापमान गरम, हवा बाहेरची, झोत काचेवर. थंडीत एसी कशाला, असं वाटतं. पण हवा कोरडी करायचं काम तोच करतो. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं राहिलं, तर चार माणसांच्या श्वासानं दोन मिनिटांत काच पुन्हा आंधळी.

पाणंद डांबरीला मिळते ती जागा सगळ्यात फसवी. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या नक्षीत अडकलेली काळी माती डांबरावर येताच पहिल्या शंभरेक मीटरमध्ये ढेकळाढेकळांनी गळते. दिवसभर वाहनांखाली तिची भुकटी होते आणि रात्री दव पडलं की पातळ लेप. पहाटे दिव्याच्या उजेडात रस्ता फक्त थोडा जास्त काळा आणि चकचकीत दिसतो, इतकंच. ओल्या पाचटाचंही तेच, टायरखाली सतरंजीसारखं सरकतं. वेग आधी कमी करायचा आणि त्या पट्ट्यात शक्यतो ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर यातलं काहीच झटक्यानं करायचं नाही.

महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याला कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, त्याचे फोटो फिरतात. ते गवतावर आणि गाड्यांच्या टपावर असतं, त्यासाठी लिव्हर ओढायला नको. काचेवर मात्र गरम पाणी ओतू नका, तडा जातो. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड पुरतं.

मग लिव्हर कामाला कधी आला? पावसाळ्यात, केळघर घाटात डोंगरावरून वाहून आलेली माती रस्त्यावर असताना, आणि तेही चढापेक्षा उतारावर. टू-एचमध्ये इंजिनाचा अडसर (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला रोखतं तो) फक्त मागच्या चाकांना बसतो. निसरड्या उतारावर खालचा गिअर टाकला की मागचा भाग सरकू शकतो. फोर-एचमध्ये तोच अडसर चारही चाकांत वाटला जातो आणि गाडी सरळ राहते. माती संपून कोरडं डांबर लागलं की लगेच टू-एच. दुसरी जागा म्हणजे अवकाळीनंतरची काळ्या मातीची पाणंद. इथे थांबून फोर-एल (चारही चाकं, लो रेंज) टाकायचं: गाडी पूर्ण उभी, क्लच दाबून न्यूट्रल, मग लिव्हर. फसल्यावर नाही, आत शिरण्याआधी. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, चाकोरीतून बाहेर पडायची धडपड नाही.

फोर बाय फोर असूनही गाडी अडकते ती तिरप्या खड्ड्यात. एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं एक मागचं चाक मोकळं झालं की साध्या डिफरन्शियलमधून सगळी ताकद त्या दोनांकडेच पळते. ब्रेक लावून फिरतं चाक रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका. चाक फिरत राहिलं तरच ती जागी होते, एक-दोन सेकंद करकर आवाज येतो आणि गाडी निघते. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लॉक करायचे डिफरन्शियल आहेत, तिथे हा प्रश्नच नाही. कासला मात्र ही हौस भागवू नका. पठारावर मातीचा थर बोटभर, त्यावरची चाकोरी वर्षानुवर्षं भरत नाही. ती जागा २०१२ पासून जागतिक वारसा आहे, ट्रॅक नाही.

चिखलानंतर हायवेवर ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर आधी बॅलन्सिंगचे पैसे देऊ नका. रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. काळी माती वाळून एका जागी विटेसारखी चिकटलेली असते. भिजवून, काडीनं खरवडून काढली की थरथर बंद.

टायरवर खर्च करा. रोज हायवे असेल तर एमटी (चिखलासाठीचे) टायर घेऊ नयेत. मोठे गट्टे ओल्या डांबरावर कमी पकडतात आणि आवाजानं डोकं उठतं. एटी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) पुरतात. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसासाठी ३ ला बदललेले बरे. कडेला चार आकडे असतात: २२२३ म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. चारही एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही शाफ्टवर ताण येतो. दर आठ-दहा हजारांना जागा बदला. हवा पहाटे, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. दुपारी ३० अंशांत भरलेली हवा पहाटे १० अंशांत ३-४ पीएसआयनं कमी दिसते. पंक्चर नाही ते. पाणंदीत २०-२२ पर्यंत उतरवायची आणि डांबरावर आल्यावर लगेच भरायची, म्हणून बारा व्होल्टचा कंप्रेसर गाडीत हवाच.

थंडीत लिव्हर विसरला जातो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फोर-एच चालवा. पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल फिरतं, सील सुकत नाहीत, जोडणी अडकत नाही.

ओढ्यातून गेलात तर क्राऊन ऑइल, म्हणजे डिफरन्शियलमधलं तेल, तपासा. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की बदलायचंच. सर्व्हिसला जॉब कार्डवर इंजिन ऑइल आपोआप येतं. ट्रान्सफर केस आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल आपण सांगून लिहून घ्यावं लागतं. आणि घरी बदलत असाल तर आधी भरायचा बोल्ट ढिला करून बघा, मगच खालचा सोडा. वरचा गंजून अडकलेला निघाला तर तेल सांडलेलं असतं आणि भरायला वाट नसते.