दर तासाला रॅममधली कॅश पुसायचो, सात महिन्यांनी सोडून दिलं

सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) आमचं झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं दुकान. मशीन जुनं: ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. टर्मिनलात 'फ्री -एच' ही रॅमचा हिशोब दाखवणारी कमांड मारली की 'फ्री'खाली जेमतेम १५०-२०० एमबी दिसायचे आणि पोटात गोळा यायचा.

मग ड्रॉप कॅशेसचा उपाय सापडला. डिस्कवरून वाचलेलं परत लागेल म्हणून लिनक्स रॅममध्ये ठेवतो, ती कॅश; 'ड्रॉप कॅशेस' नावाच्या सिस्टिमच्या फाइलीत आकडा लिहिला की ती पुसली जाते. १ लिहिलं तर पेज कॅश (फाइलींमधला मजकूर) जाते, २ ने डेंट्री-आयनोड (फाइलींची नावं-माहिती), ३ ने सगळंच. पहिल्यांदा 'सुडो एको' करून (सुडो म्हणजे रूटच्या, मुख्य मालकाच्या अधिकाराने) '>' या बाणाने आकडा लिहायला गेलो तर परमिशन डिनाइड. बाणाचं काम सुडो करत नाही, आपला साधा शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) करतो, हे कळेपर्यंत दुपार गेली. शेवटी रूटच्या क्रॉनमध्येच, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या यादीत, ओळ टाकली: दर तासाला सिंक (राहिलेलं डिस्कवर लिहून टाकणं), मग ३.

'फ्री'चा आकडा एकदम दीड जीबीवर! आठवडाभर मी तोच बघून खूश.

दुकानातला पोरगा मात्र एकदा म्हणाला, "दादा, हे तासाच्या ठोक्याला झोपतं का हो?" तेव्हा काउंटरवर पेठचे एक काका एसटीची वेळ बघत उभे होते, प्रतिज्ञापत्राचा नमुना उघडत नव्हता आणि डिस्क नुसती करकर करत होती. त्या रात्री घड्याळ लावलं. कॅश पुसल्यावर रायटर (वर्डसारखा टायपिंगचा प्रोग्रॅम) उघडायला २३ सेकंद, बंद करून लगेच परत उघडला तर ५. म्हणजे सकाळपासून रॅममध्ये जमलेल्या फाइली मीच दर तासाला फेकून देत होतो आणि डिस्कला पुन्हा वाचायला लावत होतो.

'फ्री -एच'मध्ये बघायचा होता तो 'अवेलेबल'चा रकाना. कॅशमधली बरीचशी जागा प्रोग्रॅमने मागितली की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच सोडतो. खरी रॅम खात होता ब्राउझर, सरकारी साइटींचे पंधरा टॅब उघडे ठेवून. ती 'यूज्ड'मध्ये मोजली जाते, ३ लिहून तिला धक्काही लागत नाही. डेटा मात्र कधी गेला नाही, तेवढं श्रेय देतो: डिस्कवर लिहायच्या राहिलेल्या पानांना ही कमांड हात लावत नाही.

ओळ काढली, ४ जीबीची आणखी एक पट्टी टाकली, टॅब बंद करायची सवय लावतोय (पोरगा ऐकत नाही). दिवाळीनंतर एसएसडी घेईन तेव्हा एकदाच ३ लिहीन, रायटर किती सेकंदांत उघडतो ते मोजायला.