ऑक्सिजन सेन्सर: जोडलेला की काढलेला?

जुन्या ट्रायम्फ मोटारसायकलला पूर्ण एक्झॉस्ट बसवला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट गेला, की नवा मॅप (किती इंधन सोडायचं याचा तक्ता) हवाच. प्रश्न सेन्सरचा: एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा हा भाग ठेवायचा की काढायचा?

सेन्सर काढल्याने टॉप स्पीड वाढत नाही. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्याचं ऐकतच नाही. फरक पडतो तो सोलापुरातल्या होटगी रोडच्या गर्दीतल्या हळू चालीत. सेन्सर तिथे हवा-इंधनाचं मिश्रण पातळ (इंधन कमी) ठेवतो, म्हणून झटके बसतात. मॅपमध्ये तो बंद करून मिश्रण जरा दाट केलं की चाल मऊ होते, पण पेट्रोल जास्त जातं आणि पीयूसीला अडचण येते.

आपल्याकडची खरी गोम ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७:१ लागतं, ई२० ला सुमारे १३.५:१. सेन्सर असेल तर ईसीयू इंधनाची ही तूट हळू चालीत भरून काढतो. नसेल तर शुद्ध पेट्रोलसाठी केलेला परदेशी मॅप साधारण ८ टक्के पातळ पडतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात इंजिन तापतं. म्हणून आमचं मत: डायनोवर (गाडी जागेवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर) ई२० भरूनच मॅप करणार असाल तरच सेन्सर काढा.

सेन्सरचा नुसता प्लग उपटू नका, इंजिनचा दिवा लागतो. ट्यूनईसीयू या सॉफ्टवेअरने आधी मूळ मॅप जतन करा, बॅटरीला चार्जर लावा, मगच नवा मॅप ईसीयूत भरा (फ्लॅश करा). मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अडकतो, गाडी सुरूच होत नाही.