जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि परभणीतील एक रिवाइंडिंगचे दुकान

व्हॉल्व्ह रेडिओचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या जुन्या रेडिओचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला, की त्याच मापाचा नवा नग आपल्याकडच्या बाजारात सहसा मिळत नाही. ॲम्प्लिफायरसाठी मिळणारे १२-०-१२ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर येथे निरुपयोगी ठरतात, कारण व्हॉल्व्हच्या प्लेटसाठी (धन टोकासाठी) सुमारे २५० व्होल्ट आणि व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरसाठी ६.३ व्होल्ट हे दोन्ही पुरवठे एकाच गाभ्यावरून, म्हणजे तार गुंडाळलेल्या लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावरून घ्यायचे असतात. अमेरिकी बाजारातले पुष्कळ नग १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात. ते आपल्या विजेवर चालणारे नाहीत. म्हणून मूळ गाभा जपून त्यावरच नवी तार भरून (रिवाइंड करून) घेणे मला सर्वांत योग्य वाटते, आणि त्यासाठी परभणीच्या मोंढ्यालगतचे, एरवी शेतीपंपांच्या मोटारी भरणारे एक छोटे दुकान मी मनापासून सुचवतो.

माझ्या रेडिओत ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईएम८० आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) ईझेड८० असे व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या हीटरचा प्रवाह मिळून सुमारे २.५ अँपिअर होतो. त्यामुळे ६.३ व्होल्टला ३ अँपिअर आणि हाय टेन्शनला, म्हणजे प्लेटच्या पुरवठ्याला २५०-०-२५० व्होल्ट (मधल्या टोकापासून दोन्हीकडे २५०), ८० मिलिअँपिअर अशी मागणी मी कागदावर लिहून दिली. कारागीर काकांनी तो कागद बाजूला ठेवून आधी जुनी तार उलगडायला घेतली, आणि याच कारणासाठी त्यांच्याविषयी माझे मत चांगले झाले. सर्वांत वरच्या हीटरच्या गुंडाळीत ३३ वेढे निघाले. भाराखाली होणारी घट धरता व्होल्टमागे ५ वेढे हा हिशेब बसतो, आणि ९ चौरस सेंटिमीटरच्या गाभ्यालाही तो जुळतो. प्रायमरी, म्हणजे घरची वीज जोडायची गुंडाळी, २३० ऐवजी २४० व्होल्ट धरून १२०० वेढ्यांची करावी, ही सूचना त्यांचीच. गावाकडे रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

एका मुद्द्यावर मात्र आग्रह धरावा लागला. मोटारीच्या सवयीने ते थरांमध्ये कागद न घालता बारीक तार भरणार होते. हाय टेन्शनच्या दोन टोकांमध्ये ५०० व्होल्ट, म्हणजे शिखरावर सुमारे ७०० व्होल्ट असतात, हे सांगितल्यावर त्यांनी प्रत्येक थरावर कागद आणि दोन गुंडाळ्यांच्या मध्ये लेदरॉइड (विद्युतरोधक जाड कागद) घातला. "वार्निश पुरतं पिऊ द्या, घाई करू नका," असे सांगून त्यांनी नग भट्टीत नीट वाळेपर्यंत हाती दिला नाही.

घरी आणल्यावर तो थेट जोडू नये. जुना ट्रान्सफॉर्मर बहुधा गळक्या फिल्टर कंडेन्सरमुळे किंवा शॉर्ट झालेल्या रेक्टिफायरमुळे जळालेला असतो, तेव्हा ते आधी तपासून बदलावेत आणि पहिला पुरवठा ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे वाटेत ओळीने जोडलेल्या बल्बमधून द्यावा. माझ्याकडे हीटरला भाराखाली ६.४ व्होल्ट मिळाले, हाय टेन्शनच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज जवळजवळ सारखे निघाले आणि बराच वेळ चालवूनही गाभ्यावर हात टेकवता येतो.

दुकानाची उणीव म्हणजे बाहेर काढलेल्या सर्व तारांवर एकाच रंगाची स्लीव्ह (विद्युतरोधक नळी) होती आणि कोणते टोक कशाचे, हे कोठेही लिहिले नव्हते. हाय टेन्शनचे टोक चुकून हीटरला लागले तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातील, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या स्लीव्ह आपणच सोबत न्याव्यात आणि टोके दुकानातच मीटरने मोजून घ्यावीत.