नवी म्हणून घेतली, ४१ हजार तास फिरलेली निघाली

३२,७४६ रुपये. चार हार्डडिस्कचे २७,२००, वर १८ टक्के जीएसटीचे ४,८९६ आणि कुरिअरचे ६५०. सर्व्हर दुरुस्तीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसानं हे लिहायचं म्हणजे लाज वाटते, पण लिहितो.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डेलचा आर७१० सर्व्हर आहे. कारखान्याचा कारभार सांभाळणारं जुनं सॉफ्टवेअर, ईआरपी, त्याच्यावरच चालतं आणि शेठ नवीन मशीनचं नाव काढू देत नाहीत. रेड-५ मधल्या, म्हणजे एक गेली तरी काम चालतं पण दोन गेल्या की सगळा डेटा जातो अशा जोडणीतल्या, चारपैकी एक डिस्क गेली. ६०० जीबीची, १५ हजार आरपीएमची चीता, सर्व्हरला लागणाऱ्या सॅस जोडणीची. आता नवी बनतच नाही. लॅमिंग्टन रोडला विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर, "जुनी आहे, फक्त टेस्टिंग वॉरंटी." ते बिचारे खरं बोलत होते. दिल्लीचा एक जण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाला, "सर, न्यू पुल है, ज़ीरो आवर." म्हणजे मशीनमधून काढलेली, पण एक तासही न वापरलेली. सीलबंद पिशव्यांचे फोटो, जीएसटीचं बिल, सगळं व्यवस्थित. लागत होती एक, मी चार घेतल्या. पुढे मिळायच्या नाहीत म्हणून. कुणीही हेच केलं असतं.

चुकलो ते पुढे. चारातली एक डिस्क सर्व्हर घेईचना. बघतो तर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे कप्पे, ५२० बाइटचे! म्हणजे कुठल्यातरी स्टोरेज बॉक्समधून (नुसत्या डिस्क भरलेल्या मोठ्या पेटीतून) उपसलेली. सर्व्हरला ५१२ लागतात हे मी हाताखालच्या पोरांना शिकवतो. दिल्लीवाल्याला फोन केला, तर "फॉर्मॅट मार लो सर." आणि मी मारला! रात्री उशिरापर्यंत बसून. चालली तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटली. स्टोरेजचा न वापरलेला स्पेअर असेल, अशी समजूतही मीच काढली. स्क्रूच्या भोकांभोवती कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घासल्याच्या चकचकीत कड्या होत्या, त्या दिसल्या होत्या मला. चारही डिस्कवर पॉवर-ऑन तास, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, बरोबर ९. मला वाटलं, माणसानं टेस्ट करून पाठवल्यात!

पहिली लावली, रिबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून तिच्यावर डेटा पुन्हा भरणं) नीट झाला. मग नसतं शहाणपण सुचलं. चालती जुनी काढून दुसरी 'नवी' घातली आणि निम्मा रिबिल्ड झाला असताना पहिली 'नवी' मेली. अख्खा अ‍ॅरे, म्हणजे चारही डिस्कवरचा डेटा, गेला. बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा. (रोज घ्या म्हणून मी लेखी दिलं होतं, मेल आहे माझ्याकडे.) शेठनी एएमसीतले (वार्षिक देखभालीच्या करारातले) १८,००० कापले.

मग डिस्कच्या आतल्या नोंदी वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या सॉफ्टवेअरचा पूर्ण रिपोर्ट काढला. तास एका जागी ९, दुसऱ्या जागी ४१,२१२. पुसणारा एक जागा विसरला. लेबलवर २०१७, डिस्कच्या पोटात २०१०. दोन डिस्कच्या लेबलवर सिरियल नंबर एकच. लेबलवरचा आणि पोटातला सिरियल पार्सल उघडतानाच जुळवा, व्हिडिओ चालू ठेवून. डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डामागून दिसत नसेल तर स्मार्टसीटीएलमधला मेगारेडचा पर्याय लावून बघा, पण बघा.

पोलीस ठाण्यात विचारलं, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." डिस्क जुनी म्हणजे काय हे समजावण्यात दीड तास गेला. शेवटी हवालदार म्हणतात, "पण चालू होत होती ना?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, स्थानिक ठाण्यात द्या. पोच मागितली तर माझ्याकडेच असं बघितलं की जणू चोर मीच. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणाले, खरेदी धंद्यासाठी, तुम्ही कायद्यानं ग्राहकच नाही. मग मी आहे तरी कोण?

बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, नोंदणी चार महिने आधीच रद्द. भरलेल्या जीएसटीचं ४,८९६ चं क्रेडिटही बुडालं. दोन मिनिटांचं काम आहे हो, पैसे टाकायच्या आधी करा. आणि आगाऊ पूर्ण रक्कम कुणालाच नको, 'सर सर' करणाऱ्याला तर नकोच.

मला त्यानं ब्लॉक केलंय. परवा भाच्याच्या फोनवरून त्याचं स्टेटस बघितलं. ३०० जीबी, सील पॅक, ज़ीरो आवर. पिशव्यांखाली तोच निळा टेबलक्लॉथ.