एकरंगी माश्यांची अदलाबदल: वूली बगर, फेझंट टेल की वर्म?

माश्या म्हणजे मासेमारीसाठी गळावर पिसं आणि दोरे बांधून केलेले नकली किडे. गटातल्या १२ जणांनी प्रत्येकी १२ माश्या बांधायच्या, सगळ्या एकाच्या घरी पोचवायच्या, आणि त्याने वाटणी करून प्रत्येकाला १२ जणांच्या हातच्या १२ माश्या परत धाडायच्या. अदलाबदलीचा हिशेब एवढा सोपा. या वेळी मात्र अट आहे एका रंगाची. रंग ज्याचा त्याने निवडायचा, पण शेपटीपासून डोक्यावरच्या दोऱ्यापर्यंत दुसरा रंग दिसता कामा नये. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गटात नव्यानेच आलेल्या एका मराठी मुलीने विचारलं, "ताई, मी काय बांधू?" तिच्यापुढे तीन पर्याय होते. तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी काळी वूली बगर, कारण माझं मत तिच्याच बाजूने आहे. ही इथलीच लेक: रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातच ती पहिल्यांदा बांधली. लांब दांड्याचा ८ किंवा १० नंबरचा गळ, मॅराबूच्या मऊ पिसांची शेपटी, शेनीलच्या मखमली दोऱ्याचं अंग आणि त्यावरून कोंबड्याचं लांब पीस गोल गोल फिरवलेलं. माशांना ती कधी जळू वाटते, कधी माशाचं पिल्लू, कधी तळाशी सरपटणारी अळी. ट्राउट मासा ती घेतो, बास मासाही घेतो. म्हणजे तुमची माशी ज्याच्या वाट्याला जाईल तो ती डबीत ठेवून न देता पाण्यात टाकेल. अदलाबदलीत मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

एकाच रंगात ती सपाट दिसेल ही भीती सोडा. शेनील उजेड गिळून टाकतं, पिसाची चकचकीत बाजू तो परत देते आणि मॅराबू ओली झाली की नुसत्या प्रवाहानेही हलत राहते. काळ्यातच तीन पोत मिळतात. गढूळ पाण्यात तर काळी आकृतीच सगळ्यांत ठळक उठून दिसते.

खरी अडचण वेगळी आहे. काळ्यात किती काळे! एका पाकिटातली मॅराबू निळसर, शेनील तपकिरीकडे झुकलेलं, दोरा कोळशासारखा. टेबलावरच्या दिव्याखाली सगळं सारखंच दिसतं. साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस घेताना आई कापड दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात बघायची, तसंच सगळं सामान खिडकीत नेऊन शेजारी शेजारी ठेवून बघा. मॅराबू ओल्या पांढऱ्या टिश्यूवर दाबूनही बघा. डाग पडला तर गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. पिसांवरचा रंग उष्णतेने आणि आम्लाने पक्का होतो.

वूली बगर वेळ खाते. मला एकीला दहा मिनिटं लागतात, सुरुवातीला पंचवीस लागायची. बारा जणी बहिणी वाटाव्यात म्हणून शेपटीची लांबी दांड्याइतकीच ठेवा. ती जास्त झाली तर कात्री लावू नका. बोटं ओली करून टोकं चिमटीने तोडा, म्हणजे ती नैसर्गिक राहतात.

फेझंट टेल ही जन्मजात एकरंगी. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर ती दोऱ्याशिवायच बांधायचे. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. तारेनेच बांधायचं आणि तिचंच वजन माशीला तळाकडे न्यायचं. तांबूस तपकिरी पिसावर तांबं असं मिसळून जातं की रंगाच्या अटीला धक्का लागत नाही. रंगवलेलं काहीच नसल्यामुळे रंग जुळवण्याची दगदगही नाही. माझ्या मते तिघींत देखणी हीच. पण १६ नंबरच्या बारीक गळावर तार किंचित जास्त ओढली तर तुटते, कमी ओढली तर तंतू सैल पडतात, आणि ट्राउटच्या दातांनीही ते तुटतात. पन्नासेक बांधून हात बसला असेल तरच ही घ्या. पहिल्याच अदलाबदलीत बारा सारख्या फेझंट टेल बांधायला घेतल्या तर नव्या माणसाचा धीर सुटतो.

तिसरी लाल सॅन वान वर्म, म्हणजे गांडूळ, न्यू मेक्सिकोतल्या सॅन वान नदीच्या नावाचं. शेनीलचा एक तुकडा गळाच्या मधोमध बांधायचा आणि लायटरची ज्योत नुसती जवळ नेऊन दोन्ही टोकं निमुळती करायची. तीन मिनिटांत एक तयार. आठवडाच उरला असेल, लहान मूल घरात असेल, तर बिनधास्त ही बांधा. मासे मिळतात यात शंका नाही. फक्त सोपी म्हणून ही आणखी तिघेचौघे पाठवण्याची शक्यता असते. शिवाय पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. उथळ ओढ्यात काही बिघडत नाही, पण खोल तळ्यात तुमची लाल वर्म काळपटच दिसणार.

तिने वूली बगर घेतली. दीड महिना हातात होता आणि घरी काळं सामान पडलेलं होतं, त्यामुळे निर्णय अवघड नव्हता. तिला सांगितलं, चौदा बांध आणि त्यांतल्या बारा निवड.

काहीही बांधलंत तरी माशीच्या डोक्यावरच्या दोऱ्याला लाख लावल्यावर एका पिसाचा दांडा गळाच्या डोळ्यातून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकातून, आरपार ओढून घ्या. माझ्या पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. माझ्या माश्या ज्यांना मिळाल्या त्यांतल्या एका काकांना मार्चच्या थंडीत, नदीच्या मध्यावर, गारठलेल्या बोटांनी सुईने तो डोळा मोकळा करावा लागला. ते कौतुकानेच सांगत होते, पण मला ते फार लागलं. तेव्हापासून मी लाख दोन दिवस वाळू देते, मग प्रत्येक माशी उजेडासमोर धरून डोळ्यातून आरपार दिसतंय ना ते बघते, आणि त्यानंतरच तिला नावाची चिठ्ठी बांधते.