पहिल्या रविवारची तिकिटं, ३९,२०० रुपयांना

आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे बाईंचे नक्की किती गेले याचा अंदाज बांधत वाचायला नको. रोमच्या सहलीच्या नावाखाली एका भामट्याने लुबाडले ते दोन लाख चाळीस हजार सहाशे. निम्मे आमचे, निम्मे ताई-दाजींचे. दाजी अजून एका शब्दाने बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी मुलांना कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये नेत असे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडनच्या छोट्या ब्राँझ मूर्तीसमोर उभं करून विचारत असे, "समुद्राचा हा देव पंचगंगेच्या काठी कसा काय आला?" मग रोमशी चालणारा व्यापार, आपलं तेर, बंदरं, सगळं तिथेच उभ्याउभ्या शिकवून व्हायचं. पण तो देव जिथून आला ते शहर काही मी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर ठरवलं, २०२५ चा दसरा झाला की निघायचं. चौघं. दहा दिवस. टूर कंपनीबरोबर नाही, कारण त्या फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या भर चौकाला, पाऊण तास देतात आणि चामड्याच्या दुकानात दीड तास. मला फोरममध्ये दिवसभर बसायचं होतं. हे कारण मला आजही चुकीचं वाटत नाही.

जानेवारीपासून मी वही घातली होती. सगळं लिहून काढलं होतं. कलोसियमचं साधं तिकीट १८ युरो, त्यातच फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. खालच्या तळघरात जायचं असेल तर २४. पँथिऑन या प्राचीन देवळाला २०२३ पासून ५ युरो लागत होते. म्हणजे मी काही अडाण्यासारखी गेले नव्हते. वहीचं पुढे सांगते, त्या वहीनेच माझं नाक कापलंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेसेज आला. "बाई, ओळखलंत का? तुमचा विद्यार्थी. ब तुकडी." माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी रोमबद्दल काहीतरी विचारलं होतं, तो ग्रुप वाचूनच त्याने मला गाठलं. आता तुम्ही म्हणाल, इथेच कळायला हवं होतं. अहो, वर्षाला दीडशे पोरं हाताखालून गेलीत. रस्त्यात पन्नाशीचा गृहस्थ पाया पडतो आणि मी आशीर्वाद देऊन मोकळी होते, नाव आठवत बसत नाही. आणि हा म्हणाला, "तुम्ही पोसायडन दाखवलात बाई, म्हणून मी ट्रॅव्हलच्या धंद्यात आलो." कुठल्या शिक्षकाला हे ऐकून विरघळायला होणार नाही? (ऑगस्टमध्ये शाळेत जाऊन जनरल रजिस्टर काढायला लावलं. त्या नावाचा मुलगा आमच्या शाळेत कधीच नव्हता. पोसायडनचा किस्सा त्याच ग्रुपवर मी स्वतःच दोनदा टाकलेला होता.)

पैसे असे गेले. १४ जूनला व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी माणशी ३,५०० प्रमाणे १४,०००. १८ आणि १९ जूनला विमानाचे निम्मे, १,१८,०००, यूपीआयची मर्यादा म्हणून एक लाख आणि अठरा हजार असे दोन दिवसांत. २५ जूनला हॉटेलची अनामत ६२,०००. २ जुलैला कलोसियमच्या तळघराची आणि व्हॅटिकन म्युझियमची तिकिटं, माणशी ९,८००, एकूण ३९,२००. २१ जुलैला शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, लागणाऱ्या विम्याचे ७,४००. बेरीज करून बघा, मी बऱ्याचदा केली आहे.

विमानाचा पीएनआर मी स्वतः कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला होता. चारही नावं दिसली, ताईच्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. ते नुसतं धरून ठेवलेलं बुकिंग होतं, पैसे भरले नाहीत की आपोआप गळून पडतं, हे मला कोण सांगणार? नावं दिसली म्हणजे तिकीट झालं असं समजू नका. ई-तिकिटाचा तेरा आकडी नंबर मागा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासा. मी पुन्हा तपासलं नाही.

पैसे गेले ती खाती तीन. एकावर कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाचं नाव होतं. मी विचारलं. "शाखेचं खातं आहे बाई." बरं म्हटलं.

ह्यांनी मात्र एक प्रश्न विचारला होता, तो आता आमच्या घरात भिंतीवर लिहिल्यासारखा झालाय. "परदेशच्या पॅकेजवर पाच टक्के टीसीएस लागतो, मग हा पॅन नंबर का मागत नाही?" टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडूनच गोळा करून सरकारला भरायचा कर, तेव्हा तो पाच टक्के होता. मी तसंच विचारलं. तो म्हणाला, "तुमचे पैसे वाचावेत म्हणून सुटं सुटं बुकिंग दाखवतोय बाई." मला तेव्हा तो हुशार वाटला. वर मी ह्यांना ऐकवलं, की तुम्हाला प्रत्येकात खोट दिसते. सरकारी कापाकापी "वाचवून" देणारा माणूस तुमचे पैसे सरकारपासून नाही, पावतीपासून लपवत असतो. पॅन मागितला नाही, तिथेच उठायचं.

आणि आता २ जुलैची रात्र. ही मी रोज जगते.

साडेनऊला पीडीएफ आली. वर कलोसियमचा फोटो, खाली क्यूआर कोड, तारीख ५ ऑक्टोबर, वेळ साडेदहा. नावाच्या जागी गेस्ट १, गेस्ट २, गेस्ट ३, गेस्ट ४. मी उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, ऑक्टोबर काढला आणि तपासणीच्या लाल पेनने ५ तारखेभोवती वर्तुळ केलं. तो आकडा आधीच लाल होता. रविवारचा. महिन्यातला पहिला रविवार. लालावर लाल काढताना माझा हात जराही अडला नाही.

इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वीय स्थळं सगळ्यांना फुकट असतात. कलोसियमसुद्धा. फुकटच्या दिवसाची तिकिटं मी त्या ३९,२०० मध्ये विकत घेतली. इ.स. ८० मध्ये टायटस बादशहाने कलोसियम खुलं केलं तेव्हाही लोकांना आत जायला पैसे पडत नव्हते, कमानीवर कोरलेला नंबर बघायचा आणि आपल्या दाराने शिरायचं. हे मीच शिकवायचे, आठवीच्या वर्गात, फळ्यावर कमानी काढून.

दुसरी गोष्ट. कलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर तीस दिवस आधी सुटतात. तीस. मी विकत घेतली ती पंचाण्णव दिवस आधी. म्हणजे त्या तारखेचं तिकीट त्या रात्री जगात कुणाकडेच नव्हतं. तिसरी गोष्ट, ऑक्टोबर २०२३ पासून तिथलं तिकीट नावावर निघतं, दारात पासपोर्ट पाहतात. गेस्ट १ नावाचा पासपोर्ट कुणाकडे असतो? आणि चौथी, त्याने व्हॅटिकन म्युझियम १२ ऑक्टोबरला टाकलं होतं. तोही रविवार. व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. एका पानावर चार चुका. मुलांच्या पेपरात एक वेलांटी चुकली तर पाव मार्क कापणारी बाई मी.

नंतर वही उघडली. फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात: "पहिला रविवार विनामूल्य. प्रचंड गर्दी. टाळावा." खाली दोन रेघा मारलेल्या.

मग मी का फसले? कारण त्याच्या खोट्याला टेकू सगळे खरे होते. २०२५ हे रोमचं ज्युबिली वर्ष, म्हणजे कॅथलिकांचं यात्रेचं पवित्र वर्ष, हे खरं. एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले, मे महिन्यात नवे पोप आले, गर्दी लोटणार, हेही खरं. आणि कलोसियमची तिकिटं साठवून महाग विकल्याच्या प्रकरणात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये जवळपास दोन कोटी युरोंचे दंड ठोठावले, ही बातमी मी स्वतः वाचली होती. साधं तिकीट सरळ मार्गाने मिळतच नाही, असं त्यातून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तो म्हणाला, "आपल्याकडे आतला कोटा आहे बाई." २४ युरोचं तिकीट, म्हणजे अडीच हजारांच्या आतबाहेर. व्हॅटिकनचं धरलं तरी मी कितीतरी जास्त देत होते आणि मनात म्हणत होते, मिळतंय ना. काळ्याबाजाराची बातमी वाचून मी काळ्याबाजारात गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले. याला शिकलेला माणूस म्हणतात.

६ ऑगस्टला व्हिसाची "अपॉइंटमेंट". आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो, ताईने दशम्या बांधल्या होत्या, चौघांच्या चार फायली, फोटो, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. सकाळी व्हिसा केंद्राच्या दारात सुरक्षारक्षकाने पत्र हातात घेतलं, यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, हे लेटर एडिट केलेलं आहे. या आठवड्यात तुम्ही चौथे." दाजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. ताई म्हणाली, "आपण आधी चहा घेऊया." त्याला फोन लावला, बंद. मेसेजवर एकच टिक. हॉटेलला मी तिथल्या फुटपाथवरूनच मेल टाकला, संध्याकाळपर्यंत सभ्य उत्तर आलं की या नावांचं कुठलंही बुकिंग नाही. हा मेल २५ जूनला टाकायला मला काय झालं होतं? दोन ओळींचं काम. तुम्ही टाका, हॉटेलच्या स्वतःच्या पत्त्यावर, एजंटने दिलेल्या पत्त्यावर नाही. आणि शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे, ती अर्जाबरोबर रीतसर भरायची असते. बाहेरचा कुणी नुसत्या तारखेचे पैसे मागत असेल तर त्याला नमस्कार करा.

आता पुढचं ऐका. भामट्याने लुबाडलं ते दीड महिन्यात, सरकारी दारांनी मला त्याहून जास्त दिवस नाचवलं.

फुटपाथवरूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. चाळीस मिनिटांनी लागला. "पैसे कधी गेले?" जून-जुलैत. "मग एवढ्या उशिरा का?" अहो, फसलेय हे आज कळलं! पहिल्या तासात कळवा, हे सगळीकडे छापलंय. फसवणूक तासाभरात उघडी पडेल अशी सोय भामट्यांनी केलेली नसते, त्याचं काय करायचं हे कुठे छापलेलं नाही. तरी तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला.

बँकेत गेले. समोरच्या पोराने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. तो म्हणाला, "ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना लागू, तुमची परवानगी होती." म्हणजे चोराने खिसा कापला तर भरपाईचं बघू, पण त्याने गोड बोलून तुमच्याच हाताने खिसा रिकामा करवला तर तो तुमचा आनंद.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "हा सायबरचा विषय, तिकडे जा." तिकडे, "रक्कम एवढी आहे तर ठाण्यातच नोंदवा." ठाण्यात परत, "तुम्हाला मुंबईत कळलं ना? मग मुंबई." मी म्हटलं, नवीन कायद्याप्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, शिक्षिका आहे. "मग एवढ्या शिकलेल्या असून?" हे वाक्य मला चार कार्यालयांत ऐकवलं गेलं. एकाने तर हा फसवणुकीचा गुन्हाच नाही, दिवाणी व्यवहार आहे असं समजावलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी पाठ केलंय, शाळेत सनावळ्या पाठ करायचे तसं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मलाच विचारण्यात आलं, समोरची संस्था नोंदणीकृत आहे का? नसतेच ती, नोंदणीकृत असती तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता? पाचव्या खेपेला गुन्हा नोंदला गेला, तोही माझा एक जुना विद्यार्थी, खराखुरा, रजिस्टरात असलेला, तिथे हवालदार निघाला म्हणून.

तीनपैकी एका खात्यात ११,३५० रुपये गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला सांगण्यात आलं. वकिलांची फी आठ हजार.

आणि चौघांचे पासपोर्ट, आधार, विवरणपत्रं त्या माणसाकडे आहेत. त्यावर आडवं "फक्त व्हिसासाठी" आणि तारीख लिहून मग स्कॅन पाठवायचं असतं, हे आता कळलं. आधारचं बायोमेट्रिक तेवढं लॉक करून टाकलं.

परवा एक फोन आला. गोड आवाजाची मुलगी. "मॅम, आपले दोन लाख चाळीस हजार सहाशे रिकव्हर झालेत, फक्त ४,९९९ प्रोसेसिंग भरायचेत." आकडा शंभराच्या फरकानेही चुकला नाही. ही बेरीज त्या भामट्यालाही एकरकमी कधी सांगितली नव्हती, मी ती फक्त तक्रारीत आणि बँकेच्या अर्जात लिहिली आहे. ती या मुलीपर्यंत कशी पोहोचली हे विचारायला उद्या सकाळी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. साहेब बंदोबस्ताला असतील.