बॅमफर्ड की ब्रॅडफील्ड? शेफिल्डजवळची दोन गावं आणि त्यांची धरणं

शेफिल्ड किंवा मँचेस्टरला राहणाऱ्यांकडे उन्हाळ्यात आई-बाबा आले, की लंडन होतं, लेक डिस्ट्रिक्ट होतं आणि मग एक शनिवार उरतो. मागणी ठरलेली असते: फार लांब नको, फार चालणं नको, पण इथलं खरं खेडं दिसलं पाहिजे आणि जवळ पाणी हवं. या मागणीला दोनच नावं सुचवली जातात. डर्बीशरमधलं बॅमफर्ड आणि त्याच्या वरच्या बाजूला डरवेंट नदीवरची तीन धरणं, किंवा शेफिल्डच्याच हद्दीतलं ब्रॅडफील्ड आणि त्याच्या आसपासची चार धरणं. नकाशावर दोन्ही खोरी एकमेकांना पाठ लावून बसलेली आहेत, मध्ये फक्त हेदर नावाच्या झुडपांचं माळरान. तरी जाऊन आल्यावर दोन्हींच्या आठवणी अगदी वेगळ्या राहतात.

माझं मत आधीच सांगते. धरण बघायचं असेल तर बॅमफर्डकडे जा. गाव बघायचं असेल तर ब्रॅडफील्डला. आणि गाडी नसेल तर फार विचार करू नका, बॅमफर्डच.

गाडीचाच मुद्दा आधी मिटवू. बॅमफर्डला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, मँचेस्टर-शेफिल्डच्या होप व्हॅली मार्गावर. शेफिल्डहून वीस-पंचवीस मिनिटं, मँचेस्टरहून तासाभराच्या आत-बाहेर. थांबत जाणारीच गाडी धरा, जलद गाड्या इथे थांबत नाहीत. स्टेशनजवळून थॉर्नहिल ट्रेल नावाची पायवाट निघते, ती थेट तिघांतल्या सर्वांत खालच्या, लेडीबावर धरणाच्या पायथ्याशी नेते. चढ अगदी सौम्य आहे, कारण ही मुळात रेल्वेची वाट. वरची दोन धरणं बांधताना दगड वाहून नेण्यासाठी टाकलेल्या मार्गावरचे रूळ गेले, वाट राहिली. ब्रॅडफील्डला रेल्वे नाही. शेफिल्डच्या हिल्सबरो भागातून छोटी बस जाते, पण ती दिवसातून मोजक्या वेळा, आणि परतीची चुकली तर दगडी भिंतीला टेकून बसण्यापलीकडे काही करता येत नाही. निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघाच.

आता धरणं. डरवेंटच्या खोऱ्यात वरून खाली हाउडन, डरवेंट आणि लेडीबावर अशी तीन जलाशयांची माळ आहे. डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि शेफिल्ड या चार शहरांना पाणी हवं होतं, म्हणून १८९९ मध्ये डरवेंट व्हॅली वॉटर बोर्ड स्थापन झालं. हाउडन १९१२ मध्ये पुरं झालं, डरवेंट १९१६ मध्ये. दोन्ही दगडी, किल्ल्यासारखे बुरूज असलेली. लेडीबावर नंतरचं. १९३५ ते १९४३ या काळात बांधलं आणि १९४५ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ते मातीचं धरण आहे, त्यामुळे खालून बघितलं तर गवताचा एक मोठा उतार दिसतो आणि बाबा विचारतात, "धरण कुठंय?" त्यांना काठाशी न्या. तिथे पाण्यात दोन प्रचंड दगडी गोल तोंडं आहेत, प्रत्येकी सुमारे चोवीस मीटर व्यासाची. जलाशय भरला की जास्तीचं पाणी या तोंडांतून खाली बोगद्यात उतरतं. स्थानिक लोक त्यांना बेसिनची भोकंच म्हणतात.

लेडीबावरची क्षमता सुमारे २७.८ दशलक्ष घनमीटर. आपल्या हिशेबात जेमतेम एक टीएमसी. कोयनेच्या एकशेपाच टीएमसीची सवय असलेल्या माणसाला हे तळंच वाटेल. पण आकड्यावर जाऊ नका. डरवेंट धरण सुमारे पस्तीस मीटर उंच आहे, आणि त्याला दरवाजे नाहीत. भरलं की पाणी सरळ माथ्यावरून सांडतं. दगडी पायऱ्यापायऱ्यांवर आपटत पांढरा पडदा खाली येतो, समोरच्या हिरवळीवर उभं राहिलं की चष्म्यावर तुषार बसतात आणि शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. मात्र हे दृश्य बहुधा पावसाळी हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये आई-बाबांना नेलंत तर बऱ्याचदा काळी, कोरडी भिंत दिसेल. ती भिंतही देखणी आहे, पण इंटरनेटवरचे फोटो बघून गेलेल्यांची निराशा होते.

याच बुरुजांमध्ये १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ व्या स्क्वाड्रननं रात्री अगदी खालून विमानं नेण्याचा सराव केला. जर्मनीतली धरणं फोडायची होती आणि डरवेंटचं रूप त्यांच्याशी मिळतंजुळतं होतं. घरात कोणी लढायांचं वेडं असेल तर निर्णय इथेच लागला.

लेडीबावरच्या पाण्याखाली दोन गावं आहेत, डरवेंट आणि ॲशॉप्टन. डरवेंटच्या चर्चमध्ये पुरलेल्यांचे अवशेष उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात नेऊन पुन्हा पुरले. चर्चचा मनोरा तेवढा पाण्याबाहेर उभा ठेवला होता, तो १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. गावातला जुना दगडी पूल मात्र एकेक दगड सोडवून ठेवला आणि नंतर हाउडनच्या वरच्या टोकाला पुन्हा उभारला. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी उतरलं आणि डरवेंट गावाचे चौथरे, भिंतींचे अवशेष उघडे पडले. लोक लोटले, काही जण चिखलात रुतले आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. असा उन्हाळा आलाच तर काठावरून बघा, गाळात उतरू नका.

एवढं सगळं असून खुद्द बॅमफर्ड गावात काय आहे? खरं सांगायचं तर फारसं नाही. नीटनेटकी दगडी घरं, एक चर्च, नदीकाठची जुनी सूतगिरणी (आता तिथे फ्लॅट आहेत) आणि अँगलर्स रेस्ट नावाचा पब. हा पब बंद पडायच्या बेतात असताना २०१३ मध्ये गावकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून विकत घेतला. आत कॅफे आहे, पोस्टही आहे. सहकाराच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. पण बहुतेक लोक बॅमफर्डमधून जातात, बॅमफर्डला येत नाहीत. त्यांची गाडी थांबते थेट फेअरहोम्सला, डरवेंट धरणाच्या पायथ्याशी, म्हणजे स्टेशनपासून सात-आठ किलोमीटर पुढे. तिथे सशुल्क पार्किंग, स्वच्छतागृह, भाड्याच्या सायकली, चहा-सँडविचची खिडकी आणि तुमच्या हातातल्या सँडविचवर हक्क सांगणारी बदकं आहेत. उन्हाळ्यातल्या शनिवारी साडेदहानंतर पोचलात तर जागेसाठी चकरा माराव्या लागतील. मोबाइलला रेंजही जेमतेम, त्यामुळे "पोचलो की फोन करतो" असं दुसऱ्या गाडीतल्यांशी ठरवू नका. फेअरहोम्सच्या पुढचा रस्ता शनिवार-रविवारी बहुतेक वेळा गाड्यांना बंद असतो. म्हणजे काठाकाठानं जाणारा गुळगुळीत डांबरी रस्ता फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. ढकलगाडीतलं मूल किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर याहून सोपी वाट या भागात नाही.

ब्रॅडफील्डचा हिशेब उलटा आहे. इथे धरणं शोधावी लागतात, गाव मात्र समोरच असतं.

गाव दोन मजल्यांचं आहे. खाली लो ब्रॅडफील्ड: ओढा, पूल, मुलांचं खेळायचं मैदान, प्लाउ नावाचा पब आणि मधोमध क्रिकेटचं मैदान. उन्हाळ्यातल्या शनिवारी सामना चालू असतो, तिकीट नाही, सीमारेषेबाहेर गवतावर बसायचं. माझ्या ओळखीच्या एका काकांना पीक डिस्ट्रिक्टमधलं, म्हणजे या सगळ्या डोंगराळ भागातलं, दुसरं काही आठवत नाही, पण इथे कोणी ऑफ-स्पिन टाकत होतं हे आठवतं. वर, दम काढणाऱ्या चढावर, हाय ब्रॅडफील्ड. तिथलं सेंट निकोलस चर्च खरंच बघण्यासारखं: छताच्या कडेनं विचित्र तोंडांची दगडी गॅरगॉइल, भोवती सगळं खोरं उघडं. आवाराच्या फाटकाशी एक घर आहे, १७४५ चं. वैद्यकीय शिक्षणाच्या चिरफाडीसाठी ताजी प्रेतं चोरून विकणारे लोक होते, त्यांच्यावर पहारा ठेवण्यासाठी ते बांधलं. हा चढ आई-बाबांना पायी चढायला लावू नका, गाडीनं वर जा. २०१४ मध्ये टूर द फ्रान्सचे सायकलपटू या चढावरून गेले होते, यावरून अंदाज घ्या.

धरणं चार: डॅमफ्लास्क, ॲगडन, स्ट्राइन्स आणि डेल डाइक. डॅमफ्लास्कला साधारण साडेपाच किलोमीटरची बरीचशी सपाट फेरी आहे आणि पाण्यावर शिडाच्या होड्या असतात. ॲगडनची झाडीतली वाट दीड-दोन तासांत होते. स्ट्राइन्सच्या वर माळावर बूट्स फॉली नावाचा एक बिनकामाचा मनोरा उभा आहे, १९२७ चा. कामगारांच्या हाताला काम राहावं म्हणून चार्ल्स बूट या बांधकाम व्यावसायिकानं तो बांधला असं सांगतात.

डेल डाइकपाशी मात्र थांबायला हवं. ११ मार्च १८६४ च्या वादळी संध्याकाळी बंधाऱ्यावरून घरी निघालेल्या एका मजुराला मातीत बारीक भेग दिसली. धरण नवं होतं, पहिल्यांदाच भरत होतं. शेफिल्डहून अभियंता जॉन गन्सन यांना बोलावलं. पाण्याचा भार कमी व्हावा म्हणून सांडव्याचं बांधकाम सुरुंगानं उडवायचा प्रयत्न झाला, तो फसला. रात्री साडेअकराच्या सुमारास बंधारा गेला. पाणी लो ब्रॅडफील्डमधून लॉक्सलीच्या खोऱ्यात आणि तिथून झोपलेल्या शेफिल्डमध्ये शिरलं. किमान २४० माणसं मेली. डॅमफ्लास्क नावाची वस्तीच वाहून गेली, आज त्या नावाचा जलाशय आहे. हाहाकार झाला तो मॅलिन ब्रिजला, जिथे आता ट्रामचा शेवटचा थांबा आहे. आणि हे सगळं केवढ्या पाण्यानं? सुमारे ३२ लाख घनमीटर, म्हणजे लेडीबावरच्या नवव्या हिश्श्याएवढं.

पुण्याच्या माणसाला इथे १२ जुलै १९६१ आठवल्यावाचून राहत नाही. पानशेतही मातीचं, तेही पहिल्याच भरणीत गेलं. डेल डाइकच्या चौकशीत शेफिल्डच्या ज्यूरींनी बांधकामातल्या हलगर्जीवर बोट ठेवलं आणि धरणांची नियमित सरकारी तपासणी व्हावी असं म्हटलं. तसा कायदा व्हायला १९३० साल उजाडलं, आणि त्यासाठी वेल्समध्ये आणखी एक धरण फुटावं लागलं.

आज दिसणारं डेल डाइक धरण १८७५ चं, जुन्या जागेपासून थोडं वरच्या अंगाला आणि लहान बांधलेलं. जुना बंधारा कुठे होता ते दाखवायला झाडीत बुटके दगड रोवलेत. त्यांवर इंग्रजीत सी-एल-ओ-बी एवढीच अक्षरं, म्हणजे जुन्या बंधाऱ्याची मध्यरेषा. शेवाळं चढलेलं असतं, अक्षरं वाचायला बोटानं खरवडावं लागतं. दगडांच्या दोन्ही बाजूंना नुसती झाडं. काही जणांना हे बघून "एवढंच?" वाटेल. त्यांनी डरवेंटला जावं, तिथे पैसा वसूल होतो. मला स्वतःला हे दगड त्या दोन बुरुजांपेक्षा जास्त धरून ठेवतात. पण वाट ओली आणि मुळांनी भरलेली आहे. चप्पल-सँडलवर नको, आणि आजींना तर नाहीच.

खाण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे शाकाहारींची तारांबळ सारखीच. पबमध्ये एखादा पदार्थ मिळतो, रविवारी रोस्टच्या गर्दीत टेबल मिळणं कठीण. दशम्या आणि चटणीचा डबा न्या. बसायला जागा ब्रॅडफील्डला जास्त निवांत, फेअरहोम्सला बदकांपासून डबा सांभाळावा लागतो. पोहायचं मात्र कुठल्याच जलाशयात नाही. उन्हाळ्यातही पाणी थंडगार असतं, दरवर्षी पाट्या लावतात आणि दरवर्षी कोणीतरी उडी मारतं.

दोन्ही हवंच असेल आणि गाडी असेल तर एका दिवसात जमतं. सकाळी नऊच्या आधी फेअरहोम्स गाठा, गर्दी व्हायच्या आत डरवेंट धरणाचा पायथा आणि काठावरची थोडी फेरी उरका. अकराच्या सुमारास ए-५७ वरून शेफिल्डच्या दिशेला निघा आणि माळावर आल्यावर डावीकडे स्ट्राइन्सच्या रस्त्याला वळा. रस्ता अरुंद आहे, एक-दोन वळणं इतकी तीव्र उताराची की नव्या ड्रायव्हरनं पहिला गिअर सोडू नये, आणि बर्फात तिकडे फिरकू नये. दुपारच्या जेवणाला लो ब्रॅडफील्ड. सामने साधारण एक-दीडला सुरू होतात.